कबुतरे दादरची, दम भोकरचा

दादरचा कबुतरखाना झाकणारी ताडपत्री ६ ऑगस्ट २०२५ रोजी आंदोलकांनी फाडून काढली आणि आठवडाभरात बंदीच्या समर्थनार्थ मराठी एकीकरण समिती त्याच ठिकाणी रस्त्यावर उतरली. जुलैच्या प्रारंभी विधान परिषदेत मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा झाली, तेव्हा विषय श्वसनविकारांचा होता. महिनाभरात तो जैन विरुद्ध मराठी असा होऊन बसला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्टला हस्तक्षेपास नकार दिला. पुढे महापालिकेने चार जागी ठरावीक वेळेत दाणे टाकण्यास मुभा दिली. लंडनने ट्राफल्गार चौकात २००३ मध्ये, तर व्हेनिसने सेंट मार्क चौकात २००८ मध्ये दाणे टाकण्यास मनाई केली. तेथे पक्ष्याला धर्म चिकटलेला नव्हता, एवढाच फरक.

वैद्यकीय बाजू गुंतागुंतीची आहे. वाळलेल्या विष्ठेतील व पिसांतील सूक्ष्म कण श्वासावाटे वारंवार आत गेल्यास काहींच्या फुफ्फुसांना सूज येते आणि कालांतराने तेथे कायमचे व्रण पडतात. हे सर्वांना होत नाही. म्हणूनच चाळीस वर्षे दाणे टाकूनही ठणठणीत राहिलेल्या आजोबांचा दाखला प्रत्येक गल्लीत मिळतो. पण त्यावरून शेजाऱ्याचा धोका टळत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत अशा फुफ्फुसविकारांच्या १,०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना ॲलर्जीजन्य प्रकार आढळला आणि त्यांतील जवळपास निम्म्यांचा संबंध कूलरशी होता. बंदीसमर्थकांनी हा आकडा फारसा उच्चारला नाही.

भोकरसारख्या तालुक्याच्या गावी हा वाद मुंबईचा म्हणून वाचून सोडून दिला जातो. वस्तुतः पारवा मराठवाड्याला नवा नाही. पडके वाडे, विहिरींच्या कपारी, धान्याची गोदामे ही त्याची जुनी घरे. त्यात उन्हाळाभर चालणारे कूलर आणि त्यांतील बुरसटलेले ओले गवत. कोरडा खोकला व चालताना लागणारा दम घेऊन आलेल्या रुग्णाची क्षयरोगाची तपासणी व्हायलाच हवी. ती निर्दोष आल्यावर मात्र माळवदाखाली पारव्यांची घरटी आहेत काय, कूलरचे गवत केव्हा बदलले, हे विचारण्यास यंत्र लागत नाही; आणि हे वेळीच विचारले गेले, तर व्रण पडण्यापूर्वी रुग्णाला त्या धुळीपासून दूर ठेवता येते.