देशमुख म्हणजे कोणते देशमुख?

"आडनाव सांगा, कूळ सांगतो," असे छातीठोकपणे म्हणणारे काका लग्नकार्यात हटकून भेटतात. त्यांच्या लेखी एक आडनाव म्हणजे एक रक्त. निदान एक जात तरी. हा दावा एका 'देशमुख' आडनावावरच तपासू.

लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख चित्पावन. घराण्याचे मूळ आडनाव सिद्धये, वतनामुळे देशमुख झाले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. अमरावतीकडचे पंजाबराव देशमुख मराठा-कुणबी. यातले शेवटचे दोघे १९५२ नंतर नेहरूंच्या मंत्रिमंडळात एकत्र बसत. एकाकडे अर्थखाते, दुसऱ्याकडे शेती. काकांनी त्यांची भाऊबंदकी खुशाल जुळवून दाखवावी! मुसलमान देशमुखही महाराष्ट्रात आहेत. देशमुखी हे परगण्याचे वतन होते, सारावसुली देशमुखाकडे असे. वतन ज्या घराकडे, आडनाव त्या घराला. त्यात रक्ताचा संबंध येतोच कुठे?

यावर कुणी म्हणेल, हुद्द्याची आडनावे सोडा, गायकवाड, पवार, मोरे ही तर कुळांचीच नावे. मग बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आणि काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांचे खंदे सहकारी असलेले दादासाहेब गायकवाड यांना कोणत्या एका जातीत बसवणार? शिवाय सोयरीक जुळवणारे आडनाव ऐकून कधी थांबतात का? गोत्र, देवक, कुलदैवत, मूळ गाव, सगळे खोदून विचारतात. आडनाव पुरेसे असते तर ही उलटतपासणी कशाला हवी होती?

म्हणून आडनावे टाकून द्या, असे मात्र मी म्हणणार नाही. ती कुळाची साक्ष देत नसली, तरी कामाची आणि गावाची देतात. कुलकर्णी म्हटले की गावचे दप्तर आठवावे, देशपांडे म्हटले की परगण्याचे. मास्टर दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर हे आडनाव घेतले आणि ते देशभर पोचले. इतिहासाचा एवढा ऐवज फुकट मिळत असताना तो का फेकावा?

मुंबई राज्यातली परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने रद्द झाली. तरी आज घर भाड्याने देताना "देशमुख म्हणजे कोणते?" असे विचारले जाते, तेव्हा वतनाची चौकशी नसते, जात काढायची असते. अशा वेळी "परगण्याचे" एवढेच उत्तर द्यावे.