नळी घालायचीच नसेल, तर पीयूसीचे पैसे कशाचे घेता?

मंडळी, पोस्ट लांब आहे, पण दारात गाडी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका टेम्पोवाल्या भावाची गाडी अडली. जुनी, बीएस-४, सीएनजीची. पहाटे मार्केट यार्डातून भाजी उचलायची, चार गावं करायची, त्यावर घर चालतं. चेक इंजिनचा दिवा लागला आणि ॲव्हरेज पडलं. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, म्हणाले ऑक्सिजन सेन्सर गेला. नवा आणला तर तो बसेना. पाइपवरच्या ज्या नटात सेन्सर बसतो, तो गंजून आटेच गेलेले.

मग त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवले. कन्व्हर्टरसकट अख्खा पाइप बदला, खर्च २६ हजार. नाहीतर "सेन्सर काढून भोक बंद करतो. पीयूसीची काळजी नको दादा, ती मिळतेच."

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

हा सेन्सर काय करतो? धुरात ऑक्सिजन किती उरला ते इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो, त्यावर इंधन कमी-जास्त होतं. नट सैल असला की बाहेरची हवा आत शिरते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, कॉम्प्युटरला वाटतं इंधन कमी पडतंय, म्हणून तो आणखी सोडतो. सेन्सर काढूनच टाकला तर सगळा अंदाजपंचे कारभार. गॅस जास्त जळतो, कन्व्हर्टर खराब होतो, आणि धूर आपल्याच पोरांच्या छातीत.

शेवटी एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याने काम केलं. बॅटरीची वायर सोडली, जुना नट कापला, १८ मिलिमीटरचा, दीडच्या आट्याचा नवा नट वेल्ड केला. तोही वरच्या बाजूला तिरका, म्हणजे सेन्सरच्या टोकाशी पाणी साचत नाही. खर्च ७०० रुपये. दिवा गेला, ॲव्हरेज परत आलं. ७०० कुठे आणि २६ हजार कुठे!

नंतर त्याच्याबरोबर पीयूसी काढायला गेलो. मशीनची नळी गाडीच्या पाइपमध्ये घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजायचे, एवढंच तिथलं काम. नळी खुंटीवरच लटकलेली. नंबरप्लेटचा फोटो, पैसे, कागद. पाच मिनिटांत मोकळे. कागदावर आकडे मात्र छापलेले. कुठल्या गाडीचे, देव जाणे!

आता मला सांगा, प्रामाणिकपणे दुरुस्ती करणारा आणि भोक बुजवणारा, दोघांना एकच कागद मिळत असेल तर ७०० रुपये तरी कोण घालवेल? प्रदूषणाचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड आहे, ३ महिन्यांपर्यंत कैदही आहे. भीती सगळी गाडीवाल्याला. न मोजता आकडे छापणाऱ्या सेंटरवर आपल्या तालुक्यात कारवाई झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि साहेबांनाच कशाला नावं ठेवायची? "लवकर द्या हो, घाई आहे" म्हणणारे आपणच. मीही चार वर्षं तसाच कागद घेत आलो. कबूल करतो.

म्हणून आरटीओ साहेबांकडे दोनच मागण्या. सेंटरवर न सांगता जा आणि नळी पाइपमध्ये जाते का ते उभं राहून बघा. जिथे जात नाही, तिथलं लायसन्स रद्द करा. गाडीवाल्यांना विनंती, पुढच्या वेळी नळी घालायला लावा. आणि गॅरेजवाला सेन्सर बायपास करतो म्हणाला, तर आधी एखाद्या चांगल्या वेल्डरला तो पाइप दाखवा.

तुमच्या पीयूसीच्या वेळी नळी घातली होती का? कमेंटमध्ये खरं खरं लिहा. पटलं तर शेअर करा.