‘पडणारच आहे’ म्हणून सोडलेली दाढ

‘दुधाचाच दात आहे, पडेल आपोआप,’ हे आपल्याकडचे ठरलेले उत्तर निम्मेच खरे आहे. पटाशीचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात हे खरे. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेली दाढ तशीच ठेवली, तर मुलाने सहा-सात वर्षे त्याच दाढेने जेवायचे. दुधाच्या दाताचे कवच पातळ असते, त्यामुळे कीड नसेपर्यंत लवकर पोचते आणि ठणका सुरू होतो. मग दाढ उपटावी लागते. खरे तर खालून वर येणारा कायमचा दात दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळवत असतो आणि तोवर त्याची जागा हा दुधाचा दातच राखून ठेवतो. तो अवेळी गेला की मागची दाढ पुढे सरकते, उपदाढेला जागा उरत नाही आणि दात वाकडे येतात. भरण्याचे वाचवलेले पैसे पुढे तारा लावताना कितीतरी पटींनी जातात.

याहून मोठी फसगत सहाव्या वर्षाच्या दाढेची. ती कुठलाही दात न पाडता, दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते. काहीच पडलेले नसल्याने घरचे तिलाही दुधाचीच समजतात. ती किडली तरी ‘पडेल’ म्हणून थांबतात. ती पडत नाही, आणि काढावी लागली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

पूर्वी कोण दुधाचे दात भरत होते, असा प्रश्न येईलच. पूर्वी मुलांच्या हातात दिवसभर बिस्किटे आणि चॉकलेटेही नव्हती. प्रत्येक कीड भरलीच पाहिजे असेही नाही. दोन-चार महिन्यांत पडणारा दात डॉक्टरही बहुधा सोडून देतात. पण तो निर्णय तपासून व्हावा, अंदाजाने नव्हे. खर्चाचा आक्षेप खरा आहे, म्हणून तर सरकारी तपासणीचा उपयोग व्हायला हवा. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांची तपासणीही येते. ही तपासणी करणाऱ्या पथकांनी पहिली-दुसरीच्या मुलांची सहाव्या वर्षाची दाढ आवर्जून पाहावी, तिच्या खाचा बुजवणारा सीलंटचा थर सरकारी रुग्णालयात मिळावा, आणि ‘ही दाढ कायमची आहे’ एवढे तरी पालकांना लिहून द्यावे.