रद्दीत न गेलेली पेटी

आरे कॉलनीतील सकाळच्या फेरीत आजोबा आणि नातू एका झाडाखाली विसावले. बालपणी आजोबांना याच झाडीत वेताळाचे अरण्य दिसत असे. आता घर बदलायचे होते आणि त्यांची जुनी पेटी रद्दीत द्यावी, असे घरात ठरत होते. पेटीत १९६४ साली मुंबईतून सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे अंक होते, शिवाय दारासिंगांची कात्रणे. १९६८ मध्ये दारासिंगांनी मुंबईतच अमेरिकेच्या लू थेझ यांना नमवले होते.

नातवाने विचारले, “आजोबा, त्या कुस्त्यांचे निकाल आधीच ठरलेले असत म्हणे. मग त्यात पाहायचे काय?”

आजोबा म्हणाले, “वेताळ जिंकणार, हेही पहिल्या पानापासून ठाऊक असे. तरी आम्ही शेवटपर्यंत वाचत होतोच. निकाल ठरवता येतो, बाळा. पाठीवर आपटल्याची कळ ठरवून कमी होत नाही. ती सोसून पुन्हा उभे राहणारा माणूस पाहायला आम्ही जात होतो.”

नातू काही बोलला नाही. सायंकाळी रद्दीवाला काटा घेऊन आला, तेव्हा पेटी जागेवर नव्हती. ती नातवाच्या पलंगाखाली होती आणि वरचा एक अंक उघडलेला होता.