वाचनाचा संच आणि शिक्षकाचा विवेक

लहान मुलाला वाचायला कोण शिकवते, असे विचारल्यास कोणीही शिक्षकाचेच नाव घेईल. प्रत्यक्षात मात्र वर्गात अधिकार चालतो तो वरून आलेल्या संचाचा. कोणते कार्ड केव्हा, हे संचाने ठरवावे आणि शिक्षकाने केवळ रकाने भरावेत, या रीतीस आमचा विरोध आहे.

तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत, असे लक्ष्य २०२१ च्या 'निपुण भारत' अभियानाने ठेवले. लक्ष्य वाईट नाही. पण घड्याळाला मूल कळत नाही. बेळगावकडचे मूल 'काय करतोस?' हे छापील वाक्य 'काय करायलास?' असे वाचते, तेव्हा शब्द मोजणाऱ्या तक्त्यात ती चूक ठरते. मुलाला अर्थ उमगला असून त्याने तो घरच्या बोलीत सांगितला, हे शिक्षिकेलाच कळते. दुसरे मूल साठ शब्द घडाघडा वाचते, पण गोष्टीत काय घडले ते सांगू शकत नाही. अधिक मदत कोणाला हवी, हे तक्ता कसे सांगणार?

नवख्या शिक्षकाला, किंवा एकाच खोलीत तीन इयत्ता सांभाळणाऱ्याला, संचाचा आधार होतो, हे आम्हास मान्य आहे. परंतु कर्नाटकातील 'नली-कली'चा इतिहास पाहा. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यातील शिक्षकांनी ऋषी व्हॅलीची पद्धत पाहिली आणि आपल्या मुलांसाठी ती घडविली. पुढे ती राज्यभर गेली. घडविणाऱ्या शिक्षकांना विवेकाची मुभा आणि वापरणाऱ्यांना मज्जाव, हा कुठला न्याय?

शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम २४ प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून त्यानुसार जादा शिकविणे, हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविते. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास सांगतो. कर्तव्य सोपवून निर्णयाचे स्वातंत्र्य काढून घेणे, हे हातपाय बांधून पाण्यात लोटण्यासारखे आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. संच शाळेत राहू द्या. मात्र कार्डांचा क्रम बदलण्याचा, एखादे वगळण्याचा आणि गावचा मजकूर जोडण्याचा अधिकार शिक्षकाला लेखी आदेशाने द्या. आणि तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी तक्ता मागण्यापूर्वी एखाद्या मुलाला शेजारी बसवून त्याचे वाचन ऐकावे.