पांदण रस्ते : श्रमदान पुरेसे आहे काय?

नाल्याकाठची पांदण खचली, की वऱ्हाडातील शेतकऱ्याची शेती अर्धी बुडते. सोयाबीन उभे असते, पण मळणी यंत्र शेतापर्यंत पोचत नाही. वेचलेला कापूस डोक्यावरून गुडघाभर चिखलातून आणावा लागतो. वाट बंद झाल्याचे पाहून मजूर त्या शेतात जाण्यास नकार देतात किंवा जादा मजुरी मागतात. म्हणूनच पेरणीपूर्वी वर्गणी व श्रमदान करून पांदण दुरुस्त करण्याची रीत या भागात जुनी आहे. गाडगेबाबांचे जन्मगाव शेंडगाव अकोटच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातच आहे. श्रमाची लाज न बाळगण्याचा संस्कार येथे उपरा नाही.

प्रश्न आहे तो केलेले काम टिकण्याचा. मेळघाटच्या डोंगरातून उतरणारे नाले अकोटच्या सपाटीवर येताना वेगात असतात. त्यातून काळी जमीन. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते आणि पाण्याबरोबर सहज वाहून जाते. पिढ्यान्पिढ्यांच्या बैलगाड्यांनी पांदण आधीच शेतापेक्षा खोल झालेली असते. दोन्ही बाजूंचे धुरे नांगरत नांगरत रस्त्यात सरकलेले असतात. साहजिकच नाल्याला पूर आला, की पांदणीचाच नाला होतो.

श्रमदानात नेमकी चूक येथे होते. नाल्याच्या काठाची माती उकरून खड्ड्यात टाकली जाते, छायाचित्रे निघतात आणि मृगाच्या पहिल्या पावसात ती माती परत नाल्यात जाते. आधी पाण्याला वाट द्यायची, मग माणसाला, हा साधा क्रम पाळला जात नाही. बाजूची चर, ओलांडणीच्या जागी सिमेंटचा नळा आणि वळणावर दगडांची पिचिंग एवढे झाले, तरच वर टाकलेला मुरूम राहतो. यातील चर खोदणे, काटेरी झुडपे तोडणे, दगड रचणे गावाला जमते. नळा व मुरूम यांना पैसा लागतो. पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात तर मुरूम लांबून आणावा लागतो आणि त्यासाठी महसूल खात्याची परवानगी वेगळी.

सरकारने हात झटकले, असेही म्हणता येत नाही. 2018 मध्ये पालकमंत्र्यांच्या नावाची आणि 2021 मध्ये ‘मातोश्री’ नावाची पाणंद रस्ते योजना आली. (योजनांची नावे बदलण्यात राज्याने कधी कसूर केलेली नाही.) दुसऱ्या योजनेचा आधार रोजगार हमीचा होता. तेथे मजुरी व साहित्याचे प्रमाण 60:40 ठरलेले; काळ्या मातीतील रस्त्याला मात्र साहित्यच जास्त लागते. हा हिशेब कागदावर जुळवताना काम मागे पडणे ओघानेच आले.

खरी अडचण मात्र हद्दीची आहे. गाव नकाशावर एका तुटक रेषेने दाखविलेल्या पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट, तर दुहेरी रेषेच्या गाडीरस्त्याची साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. प्रत्यक्षात गाडी वळणेही कठीण. वहिवाटीचा रस्ता कोणी अडविला, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली तहसीलदार अडथळा दूर करू शकतात. दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. रस्ताच नसेल, तर 1966 च्या महसूल संहितेचे कलम 143 बांधावरून वाट देते. मे 2025 च्या शासन निर्णयाने शेतरस्ता 3 ते 4 मीटर असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी, असेही ठरविले.

तरीही भावकीत वाकडेपणा नको, म्हणून शेतकरी तहसीलची पायरी चढत नाही. श्रमदानाचा खरा उपयोग येथे आहे. धुऱ्याशेजारचे दोघे एकाच चरीत फावडे घेऊन उतरले, तर दोन-चार फूट मागे सरकण्याची बोलणी तेथेच होऊ शकतात. ती होऊन मोजणीचा अर्ज उन्हाळ्याच्या आरंभीच गेला, तर खुणेचे दगड रोवून पेरणीपूर्वी मुरूम पडू शकतो. अर्ज मे महिन्यात गेला, तर मोजणी उरकण्याआधीच नाल्याला पाणी येते.