टाकाऊ कोयीचें मोल

आमरसाचे दिवस आले कीं परसांत कोयींचा ढीग सांचतो. भगिनींनो, ह्या ढिगाकडे आज जरा निराळ्या दृष्टीनें पाहूं या.

डब्याच्या तळाशीं फार दिवस राहिलेलें तेल खंवट होतें, हा अनुभव प्रत्येक गृहिणीस आहे. हवेंतील प्राणवायूचा तेलाशीं संयोग होऊन हा बिघाड घडतो. कांहीं वनस्पतिज द्रव्यें ह्या क्रियेच्या आड येतात व स्वतः खर्ची पडून तेल राखतात. त्यांस अँटिऑक्सिडंट म्हणतात. कोयींतील गरांत अशीं द्रव्यें विपुल आहेत. गॅलिक आम्ल, एलॅजिक आम्ल व टॅनिन हीं त्यांतील मुख्य. गर तुरट लागतो तो टॅनिनमुळेंच. त्याचा अर्क तेलातुपांत घातला असतां खंवटपणा लांबतो, असें प्रयोगांत दिसून आलें आहे.

वाळलेल्या गरांत शेंकडा सुमारें ७ ते १२ इतका स्निग्धांशही असतो. तो कोकोच्या लोण्याशीं मिळताजुळता आहे. युरोपीय संघानें २००० सालच्या आदेशान्वयें चॉकलेटांत ज्या सहा वनस्पतिज स्निग्धांस मुभा दिली, त्यांत कोयीचा स्निग्धांश आहे, आणि कोकमाच्या बियांचाही! भेगाळलेल्या टाचांस कोकमतेल चोळणाऱ्या आपल्या आजीबाईंस हें ऐकून मौज वाटली असती.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. जें द्रव्य तेल टिकवितें तें पोटांत गेल्यावर मनुष्याचा रोग हरतें, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. म्हणून बियांचीं चूर्णें औषध समजून घेऊं नयेत. २००१ सालीं ओडिशांतील काशीपूर भागांत भुकेनें गांजलेल्या आदिवासी कुटुंबांत, साठविलेल्या कोयींच्या गराची पेज खाल्ल्यावर कित्येक मृत्यू घडले. ओल लागलेल्या गरावर बुरशी चढते, आणि तिचें विष रांधल्यानें जाईलच असा भरंवसा नाहीं. जर्दाळूच्या कडू बियांपासून तर पोटांत सायनाइड उत्पन्न होतें. त्या मुलांच्या हातीं पडूं देऊं नयेत.

मग करावें काय? फणसाच्या आठळ्या उकडून भाजींत घालाव्या. तो आपला पूर्वापार परिपाठ चांगलाच आहे. आंब्याच्या कोयी मात्र ताज्या असतांनाच मातींत रुजवाव्या. कोंवळ्या रोपावर हापुसाची काडी बांधून कोय-कलम करतां येतें. मग टाकलेल्या कोयीचें मोल तुमच्या नातवंडांस झाडाखालीं बसूनच मोजतां येईल.